ध्रुव सतरा अंशांवर: अठरा हजारांत लेन्स घ्यायची की ट्रॅकर?

माझ्या स्टुडिओत लग्नसराईला मदतीला येणारा एक पोरगा आहे. वय बावीस. वडील सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून देणारे. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. दिवाळी झाल्यावर तो मोबाईलवर एका लेन्सचा फोटो घेऊन आला. सॅमयांग १३५ मि.मी., एफ २. आकाशाचे फोटो काढणाऱ्यांत ही लेन्स नावाजलेली आहे आणि ते खरंच आहे.

"काका, एकदाच घेतो, पण भारी घेतो. बघा की, काय फोटो येतात ह्याच्यावर."

त्याच्याकडे कॅनन १५००डी बॉडी, सोबतची १८-५५ किट लेन्स, व्हिडिओचा एक दणकट ट्रायपॉड आणि जमवलेले अठरा हजार रुपये होते. ती लेन्स नवी घ्यायची तर हे सगळे पैसे टाकूनही तेवढेच पुन्हा उसने घ्यावे लागले असते. मी त्याला नाही म्हटलं नाही. आधी आहे त्या किट लेन्सवर गच्चीतून मृग नक्षत्राचे फोटो काढून आण, एवढंच सांगितलं. पुढचे सात महिने काय केलं, कुठे फसलो आणि पैसे कशावर लावले ते इथे लिहितोय, कारण हाच प्रश्न घेऊन येणारा तो पहिला नाही.

आधी हिशेब

त्याने आणलेले फोटो दोन प्रकारचे होते. १८ मि.मी.वर पंधरा सेकंदांचे ठीकठाक होते, तारे जरा लांबट. ५५ मि.मी.वर पंधरा सेकंदांचे मात्र सगळे तारे तांदळाच्या दाण्यासारखे. त्याला वाटलं, लेन्स हलकी आहे म्हणून. लेन्सचा काही दोष नव्हता.

आकाश एका नाक्षत्र दिवसात, म्हणजे २३ तास ५६ मिनिटांत, एक फेरी पूर्ण करतं. खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या वृत्ताजवळचा) तारा सेकंदाला साधारण १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतो, आणि मृगाचा पट्टा नेमका त्या वृत्ताला चिकटून आहे. १५००डीच्या सेन्सरवरचा एक पिक्सेल ३.७२ मायक्रॉनचा. ५० मि.मी. लेन्स लावली तर तो आकाशातल्या जवळपास १५ विकला व्यापतो. म्हणजे ५० मि.मी.वर तारा दर सेकंदाला एक पिक्सेल पुढे जातो. १८ मि.मी.वर एका पिक्सेलला जवळपास तीन सेकंद लागतात. १३५ मि.मी.वर पिक्सेल सहा विकलांपेक्षाही लहान होतो आणि तारा ०.४ सेकंदात तो ओलांडतो.

साध्या ट्रायपॉडवर शटर किती सेकंद उघडं ठेवायचं त्याचा 'पाचशेचा नियम' सगळ्यांना पाठ असतो: ५०० भागिले (फोकल लेंग्थ गुणिले सेन्सरचा क्रॉप). ५० मि.मी.ला कॅननच्या १.६ क्रॉपवर सव्वासहा सेकंद येतात. हा नियम फिल्मच्या काळाला पुरेसा होता. चोवीस मेगापिक्सेलच्या सेन्सरवर सव्वासहा सेकंदांत सहा पिक्सेलची रेघ उमटते, आणि फोटो मोठा केला की ती दिसते.

हे वहीवर मांडल्यावर पोरगा गप्प बसला. १३५ ची लेन्स साध्या ट्रायपॉडवर ठेवली तर अर्ध्या सेकंदाच्या वर शटर उघडं ठेवता येत नाही. म्हणजे तिच्यासाठी आधी ट्रॅकर, म्हणजे कॅमेरा आकाशाबरोबर फिरवणारं यंत्र हवं. आणि तयार ट्रॅकरची चौकशी केली तर स्काय-वॉचरचा स्टार अ‍ॅडव्हेंचरर २आय असो की आयऑप्ट्रॉनचा स्कायगायडर प्रो, दोन्ही त्याच्या बजेटच्या दुपटीच्या पुढे. दोन्हींची वजन उचलण्याची क्षमता पाच किलो सांगतात, यंत्रं चांगली आहेत. पण अठरा हजारांत ती बसत नाहीत, आणि कर्ज काढून छंद सुरू करायला मी तरी कुणाला सांगणार नाही.

त्या दिवशी आम्ही एक गोष्ट ठरवली आणि पुढे शेवटपर्यंत ती धरून ठेवली. आपला ट्रॅकर मिनिटाला किती चुकतो ते आधी बघायचं, आणि ती चूक एका पिक्सेलच्या आत राहील तेवढ्याच फोकल लेंग्थची लेन्स घ्यायची. लेन्स आधी आणि माउंट, म्हणजे ट्रॅकर, नंतर हा क्रम उलटा आहे.

जॉबरच्या हातचा ट्रॅकर

दोन पाट, एका कडेला बिजागरी, दुसऱ्या कडेला खालून वर येणारा आटे पाडलेला रॉड. रॉड फिरवला की वरचा पाट उघडत जातो. बिजागरीची पिन ध्रुवाकडे रोखली की पाटावरचा कॅमेरा आकाशाबरोबर फिरतो. स्कॉटलंडच्या जॉर्ज हेग यांनी १९७५ साली ही रचना छापून प्रसिद्ध केली, तेव्हापासून जगभरचे हौशी लोक ती घरी बनवतात.

यातलं सगळं गणित एका मापात आहे. एम ६, म्हणजे सहा मि.मी. जाडीच्या रॉडचा पिच (एका फेऱ्यात पुढे सरकणारं अंतर) १ मि.मी. असतो. तो मिनिटाला बरोबर एक फेरा फिरवायचा असेल, तर बिजागरीच्या पिनपासून रॉडपर्यंतचं अंतर २२८.६ मि.मी. हवं. नाक्षत्र दिवसाची १४३६ मिनिटं भागिले दोन पाय (२π), एवढंच ते आहे.

पोराच्या वडिलांना मी हे कागदावर दाखवलं. मागाचा धोटा मिनिटाला शंभराहून जास्त फेऱ्या मारतो, तिथे आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी आकडा दोनदा वाचला आणि विचारलं, "मिनिटाला एकच फेरा? मग ह्यात अवघड काय हाय ओ?" चौथ्या दिवशी पाट तयार होता. अठरा मि.मी.चा प्लायवूड, पितळी बिजागरी, रॉडला वर गोल घासलेलं टोक म्हणजे पाटावर घासताना अडकू नये. कडा इतक्या साफ की हात फिरवावासा वाटत होता.

पहिल्यांदा आम्ही रॉडला पत्र्याची चकती लावली, तिच्यावर बारा खुणा केल्या आणि दर पाच सेकंदांनी एक खूण हाताने पुढे सरकवली. १८ मि.मी.वर हे छान चाललं, कारण पाच सेकंदांत आकाश तिथे दोनच पिक्सेल सरकतं. ५५ मि.मी.वर तारा पाच पिक्सेल पुढे जायचा, मग आपण त्याला मागे ओढायचो, परत पुढे. शिवाय हात लागला की पाट थरथरायचा. म्हणून मोटर घेतली: २८बीवायजे-४८ ही पाच व्होल्टची छोटी स्टेपर मोटर, तिचा ड्रायव्हर आणि एक अर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम घालून मोटर चालवता येणारा छोटा बोर्ड. पोराने प्रोग्रॅम स्वतः लिहिला. या मोटरचा गिअर ६४ ला १ म्हणून विकतात, प्रत्यक्षात तो ६३.६८ ला १ असतो. फरक अर्ध्या टक्क्याचा. मिनिटाभरात त्यामुळे साडेचार विकलांची चूक होते, ५० मि.मी.वर ती पिक्सेलच्या एक-तृतीयांशाहूनही कमी. तरी त्याने प्रोग्रॅममध्ये ती सुधारली, मला फार बरं वाटलं.

आणि तरीही मिनिटाच्या फोटोत तारे लांबट आले.

या रात्री आम्ही जे शिकलो ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं, म्हणून सविस्तर सांगतो. लांबट ताऱ्याची दिशा बघायची. रेघ पूर्व-पश्चिम असेल तर ट्रॅकरचा वेग चुकलाय. रेघ उत्तर-दक्षिण असेल तर वेग बरोबर आहे, पण अक्ष ध्रुवाकडे नीट रोखलेला नाही. मृगात हे ओळखणं सोपं जातं, कारण तिन्ही ताऱ्यांचा पट्टा विषुववृत्तावरच आहे. आमची रेघ पूर्व-पश्चिम होती, मिनिटाला दीड पिक्सेल. म्हणजे वेगात दोन-अडीच टक्क्यांची चूक.

वडिलांनी व्हर्निअर लावला. २२८.६ अंतर त्यांनी बिजागरीच्या पानाच्या कडेपासून मोजलं होतं. पिन तिथून सहा मि.मी. मागे. खरं अंतर २३४ च्या वर भरत होतं, आणि सहा भागिले २२८ म्हणजे तेच अडीच टक्के. ते काही बोलले नाहीत. रॉडचं भोक बुजवून, सहा मि.मी. आत नवं भोक पाडलं आणि पाट परत दिला.

सरळ रॉडच्या पाटाला आणखी एक मर्यादा असते: कोन वाढत जातो तसा वेग किंचित चुकायला लागतो. दहा मिनिटांत ही एकूण चूक सहा विकलांच्या आत राहते, वीस मिनिटांत पंचेचाळीसच्या वर जाते. म्हणून दर दहा मिनिटांनी पाट मिटवून नव्याने सुरू करायचा. वाकवलेल्या रॉडचे प्रकार आहेत, पण सुरुवातीला तो खटाटोप करू नये.

सोलापूरचा ध्रुव

माउंट निवडताना परदेशातला सल्ला आपल्याला सरळ लागू पडत नाही, तो इथे. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे त्या गावाचा अक्षांश. सोलापूर १७ अंश ४० कलांवर आहे, त्यामुळे आपला ध्रुव फार खाली. पन्नास अंशांवरच्या देशांत तो डोक्याच्या दिशेने अर्ध्याहून वर असतो, आपल्याकडे लिंबाच्या झाडामागे लपतो.

याचा एक फायदा आहे. पाट तिरका ठेवायची पाचर बनवायला सोपी: तीनशे मि.मी. लांबीला ९५-९६ मि.मी. उंची दिली की झाला सतरा अंश चाळीस कलांचा उतार. महागड्या वेजची (तयार पाचरीची) गरज नाही. तयार ट्रॅकर घेणाऱ्याने मात्र त्याचा वेज इतक्या खालच्या कोनापर्यंत येतो का, आणि आला तर कॅमेरा वेजवर आपटत नाही ना, हे दुकानातच बघावं.

तोटा म्हणजे धूर. जानेवारीत उसाचं पाचट पेटवलेलं असतं, क्षितिजावर वीतभर करडा थर असतो. पहिल्या खेपेला आम्ही दक्षिणेला हत्तरसंग कुडलच्या बाजूला गेलो, भीमा-सीनेच्या संगमाकडे. अंधार चांगला होता. पण तिथून उत्तर म्हणजे सोलापूर शहराचा उजेड, आणि त्यावर धूर. ध्रुव सापडेना. मोबाईलच्या होकायंत्रावर भरवसा ठेवला. खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत आपल्याकडे फार तर एखाद्या अंशाचा फरक, पण लोखंडी ट्रायपॉडजवळ मोबाईल कितीही चुकतो. त्या रात्रीच्या सगळ्या फोटोंत रेघा उत्तर-दक्षिण, मिनिटाला तीन-चार पिक्सेल. अक्ष तीन अंशांहून जास्त चुकला होता.

हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: अक्ष एक अंश चुकला तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त सोळा विकला घसरतो. ५० मि.मी.वर तो एक पिक्सेल. खरा ध्रुवबिंदू ध्रुव ताऱ्यापासून पाऊण अंशाच्याही आत आहे. म्हणजे ५० मि.मी.साठी अक्ष सरळ ध्रुव ताऱ्यावर रोखला तरी मिनिटभराचा फोटो निघतो, पोलर स्कोप (अक्ष ध्रुवावर रोखायची छोटी दुर्बीण) लागत नाही. १३५ मि.मी.ला हीच चूक मिनिटाला दोन पिक्सेलपर्यंत जाते, तिथे शटर तीस सेकंदांवर आणावं लागतं. लेन्स कुठली घ्यायची ते आमच्यासाठी या दोन वाक्यांनी ठरवलं.

पुढच्या खेपेपासून हिवाळ्याची जागा बदलली. नान्नजच्या पुढे, माळढोक अभयारण्याच्या हद्दीबाहेर, ओळखीच्या एकांचं ज्वारीचं रान आहे. तिथून शहराचा उजेड दक्षिणेला पडतो आणि उत्तर काळी राहते. मृग आपल्याकडे दक्षिणेला ६५-७० अंश उंच चढतो, त्याला त्या उजेडाचा त्रास फारसा होत नाही. जागा शोधताना लोक फक्त अंधार बघतात. ट्रॅकर असेल तर शहर आपल्या कुठल्या बाजूला पडतं हे आधी बघा.

बिजागरीला समांतर आम्ही पेनाची रिकामी नळी चिकटवली होती. उत्तरेकडे तोंड केलं की बिजागरी डाव्या हाताला. नळीतून ध्रुव बघायला सतरा अंशांवर डोळा न्यावा लागतो, म्हणजे जवळपास जमिनीला टेकावं लागतं. ढेकळांवर चादर अंथरून पोरगा पालथा पडायचा, एक डोळा मिटून, श्वास रोखून, आणि नळीच्या टोकाला तो एकच फिकट ठिपका स्थिरावला की तसाच हात वर करायचा. मग आम्ही पाचरीचे स्क्रू आवळायचो.

लेन्स

चौदा मि.मी. एफ २.८ ची सॅमयांगही यादीत होती. आकाशगंगेचा रुंद पट्टा घ्यायला ती चांगली, ट्रॅकरशिवायही चालते. पण ताऱ्यांचा प्रकाश गोळा होतो तो लेन्सच्या छिद्रातून. १४ भागिले २.८ म्हणजे पाच मि.मी. किट लेन्सचं १८ मि.मी.वर एफ ३.५ ला तेवढंच, ५.१. ५० मि.मी. एफ २.८ ला धरली तर छिद्र जवळपास १८ मि.मी.चं, म्हणजे क्षेत्रफळाने बारापट. शिवाय ५० मि.मी.ची चौकट या सेन्सरवर २५ गुणिले १७ अंशांची, काक्षीपासून (बीटलज्यूस) राजन्यापर्यंत (रायगेल) सगळा मृग त्यात मावतो. कॅननची ५० मि.मी. एफ १.८ एसटीएम आम्ही वापरलेली घेतली, ५,८०० रुपयांना. वजन १६० ग्रॅम. पाटावर वजन कमी असणं हे निम्मं काम.

एफ १.८ वर काढलेला पहिला फोटो बघून तो नाराज झाला. कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटले होते, काक्षीभोवती जांभळी कड. एफ २.८ वर आणल्यावर दोन्ही बरंच आटोक्यात आलं. लेन्सच्या छिद्राच्या पाकळ्या सात आहेत, त्यामुळे ठळक ताऱ्यांना चौदा किरणं येतात. ती नको असतील तर काळ्या पुठ्ठ्याला १८ मि.मी.चं गोल भोक पाडून पुढे लावावं आणि लेन्स पूर्ण उघडी ठेवावी. त्याला किरणं आवडली, ठेवली.

फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठं करून व्याधावर करायचा, तारा बारीकात बारीक होईपर्यंत. एसटीएम लेन्सची रिंग मोटरमार्फत चालते, कॅमेरा बंद करून चालू केला तर फोकस पुन्हा तपासायचाच.

खर्च असा झाला: पाट, मोटर आणि बाकी सामान १,७५०, बॉल हेड (कॅमेरा हवा तसा वळवून घट्ट करायची मान) २,४००, लेन्स ५,८००, इंटरव्हॅलोमीटर (ठरल्या वेळाने आपोआप फोटो काढणारा रिमोट) ९५०. एकूण १०,९००. बॉल हेडवर कंजुषी करू नका. पहिलं स्वस्तातलं त्याच्या मित्राकडून आणलं होतं, कॅमेरा वर रोखला की ते मिनिटामिनिटाला केसभर खाली बसायचं, आणि आम्ही ट्रॅकरमध्ये चूक शोधत बसलो.

पौष अमावास्येला हे सगळं पहिल्यांदा एकत्र जुळलं. अमावास्येला लग्नं नसतात, त्यामुळे आम्हा दोघांना सुट्टी असते. आयएसओ १६००, एफ २.८, साठ सेकंदांचे चाळीस रॉ फोटो, आणि झाकण लावून तेवढ्याच वेळाचे पंधरा डार्क. डीपस्कायस्टॅकर हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात एकावर एक रचले. चाळीस फोटो रचले की खरखर सहापटीहून जास्त कमी होते. स्टुडिओतल्या स्क्रीनवर काक्षी नारिंगी, राजन्य निळसर पांढरा, आणि खड्गात तेजोमेघ: आडवा सव्वादोनशे पिक्सेलचा, गुलाबी, एका बाजूने पंखासारखा उघडलेला. बार्नार्डचा कडा, म्हणजे मृगाभोवतीचा वायूचा मोठा कंस, मात्र दिसला नाही. तो हायड्रोजनच्या ६५६ नॅनोमीटरच्या लाल रंगात चमकतो, आणि साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर त्यातला बराचसा प्रकाश अडवतो. नवशिक्याने कॅमेरा उघडून तो फिल्टर काढायच्या भानगडीत पडू नये. कृत्तिका, देवयानी, आकाशगंगा यांना त्याची गरज लागत नाही.

उरलेले सात हजार

१३५ ची ओढ गेली नव्हती, आणि ती जावी असं मलाही वाटत नव्हतं. पाट आता नेमका होता. आम्ही जुनी एम ४२ चुडीची (आट्यांवर फिरवून बसवायची) १३५ मि.मी. एफ २.८ शोधायला लागलो. कॅनन बॉडीला ही पातळ रिंग लावून बसते आणि अनंतावर फोकसही होते. निकॉनच्या डीएसएलआरला होत नाही, तिथे सेन्सर लेन्स बसते त्या कड्यापासून जास्त मागे असतो आणि मध्ये काच घालावी लागते.

पहिली लेन्स "एकदम स्वच्छ" म्हणून कुरिअरने आली. दिसायला नवी. मी पुढून मोबाईलची बॅटरी मारली आणि मागून तिरकं बघितलं: आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. परत पाठवली. जुनी लेन्स घेताना ही बॅटरीची परीक्षा, पाकळ्यांवर तेल आहे का आणि रिंग एकसारखी जड फिरते का, एवढं बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुसरी पुण्याहून मिळाली, ३,२०० ला. रिंग ३५०.

वैशाख अमावास्येला मुद्दाम दक्षिणेला, पुन्हा कुडलच्या बाजूला गेलो. या वेळी हवेत धूर नव्हता आणि शहराच्या उजेडावरही ध्रुव नळीत सापडला. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आपल्याकडे पंचवीस अंश वर येतो. लंडनच्या माणसाला तो आपल्या घरातून कधीच दिसत नाही. आपल्या खाली बसलेल्या ध्रुवाची ही दुसरी बाजू. तीस सेकंदांचे नव्वद फोटो काढले, त्यातले एकसष्ट रचण्याजोगे निघाले. गुच्छ पावणेचारशे पिक्सेलचा आला, कडेला एकेक तारा सुटा, मध्ये साखर सांडल्यासारखा.

वडील तेव्हा पहिल्यांदाच सोबत आले होते. बाद झालेले एकोणतीस फोटो त्यांनी एकेक करून बघितले. "हे बघ, एका मिनिटात फार तर एकच खराब हाय," ते पोराला म्हणाले. "रॉड त्याच जागेवर आला की हिसका देतो. रॉड वाकलाय, केसभर." सोमवारी माग बंद होता. ते सकाळीच रॉड बदलायला घेऊन गेले.